छत्री आणायला गेलेली बायको

तोमिए बाकावर टेकली, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्याने तिचा हात हातात घेतला.

इतक्या सहज घेतला की पहिल्या क्षणी तिला दचकायलाही सुचलं नाही. तिचा हात फळीवर टेकलेला होता. त्यावर दुसरा एक हात आला, कोरडा, ऊबदार, नवल वाटावं इतका मऊ. त्याने तिची बोटं गोळा केली आणि आपल्या मांडीवर नेऊन ठेवली. म्हातारा तिच्याकडे बघतही नव्हता. त्याचं तोंड समोर तळ्याकडे, आयरिसच्या जांभळ्या पट्ट्याकडे होतं आणि डोळे उन्हाने अर्धवट मिटलेले होते.

"मिळाली का छत्री?" त्याने विचारलं.

आता बोलायला हवं होतं. आजोबा, तुमची चूक होतेय, एवढंच म्हणायचं होतं. पण कारंज्यापलीकडच्या वाद्यमंडपात कुठल्याशा शाळेचा बँड सकाळपासून तालीम करत होता, आणि नेमकी त्याच वेळी सगळ्या तुताऱ्यांनी एकदम उचल खाल्ली. तोमिएचं "अहो आजोबा" तिचं तिलाच ऐकू आलं नाही. आवाज ओसरेपर्यंत एक क्षण गेला, मग दुसरा गेला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण हात काढून घेतलेला नाही. असा हात आपला शेवटचा कधी आणि कुणी धरला होता, ते ती आठवायला लागली. ऑफिसात कुणी कुणाला शिवत नाही. ट्राममध्ये खांदे लागतात, पण ते लागणं वेगळं. बाबांचा हात तिने धरला होता, गेल्या वर्षी, समोर दिसतंय त्याच हॉस्पिटलात. पण तो तिने धरलेला हात होता, ओल्या फडक्याने पुसायला, सुई टोचून घेताना हलू नये म्हणून दाबून ठेवायला. बाबांनी तिचा धरला नव्हता. लहानपणी धरला असेल, याच बागेत, चेरी फुलली की लोटणाऱ्या गर्दीत. पण तो हात कसा होता ते काही केल्या आठवेना. आठवत होती ती फक्त बाबांची बाही आणि तिच्यावरचा पोस्टातल्या नोकरीत लागलेल्या शाईचा डाग.

म्हाताऱ्याच्या अंगाला औषधाचा वास येत होता आणि त्याखाली कसल्याशा सुगंधी तेलाचा. तिच्या अंगाला कापराचा वास येत असणार. उन्हाळी कपडे आठवड्यापूर्वीच पेटीतून निघालेले, सगळ्या नागोयाला सध्या तो वास येतोय. आणि बाबांना जाऊन वर्ष व्हायचंय म्हणून ती अजून राखी रंगच घालते. राखी कपड्यांची, कापराच्या वासाची, पन्नाशी उलटलेली बाई. अशी बाई कुणाचीही बायको असू शकते, तिला वाटलं, पण या विचाराचं तिला हसू आलं नाही.

"बस जरा," म्हातारा म्हणाला. "आणि आता काही बोलू नकोस, नुई. मधे बोललीस तर मला पुढचं जमायचं नाही. जन्मभर गिऱ्हाइकांच्या मानेशी बोलत आलो, कुणाच्या तोंडाकडे बघून बोलायची सवयच नाही मला. आज डोळे तपासायला त्यांत औषध घातलंय, तुझं तोंड दिसत नाही, तेवढंच बरं झालंय."

म्हणजे न्हावी. म्हणून हात इतका मऊ. अंगठ्याच्या मुळाशी मात्र कातरीने पडलेला घट्टा होता, तो तिच्या बोटांना आता जाणवला.

"छत्री इथंच आहे," तो म्हणाला. "पिशवीत. तू गेल्यावर पाय लागला तिला. तुला ठाऊक होतं ती कुठंय ते. गेल्या खेपेला रुमाल विसरली होतीस, त्याच्या आधी चष्मा. मला इथं बसवायचं, आणि विसरलं म्हणून परत जाऊन डॉक्टरला एकटीने गाठायचं. अगं, चष्मा विसरलीस तेव्हा तो तुझ्या नाकावर होता."

तोमिएने उठायला हवं होतं. हे आता नुसतं चुकून धरलेल्या हातापुरतं राहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या घराचं दार उघडं होतं आणि ती उंबऱ्यात उभी राहून आत बघत होती. पण बोलू नकोस असं तिला सांगितलं होतं, आणि बोलू नकोस म्हटल्यावर गप्प राहायची तिला जन्माची सवय होती. तिचा थोरला भाऊ सेइगो ओसाकाहून आला होता तेव्हाही त्याने हेच सांगितलं होतं. हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून, दरडावून: तोंडातून शब्द काढायचा नाही, तोमिए. चेहऱ्यावर दिसता कामा नये. बाबांनी हाय खाल्ली तर जबाबदार तू. आणि तो संध्याकाळच्या गाडीने परत गेला होता. मग जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत रोज ऑफिस सुटलं की ती ही बाग ओलांडून जायची, हातात डबा, आणि तळ्यापाशी आली की चेहरा लावायची. खरंच लावायची, टोपी घालावी तसा. तळं ते हॉस्पिटल एवढं अंतर तो चेहरा बसायला पुरायचं. बाबा गेल्यापासून ती या बाजूला फिरकली नव्हती. आज शनिवारचं ऑफिस दुपारी सुटलं, घरी जाऊन करायला काही नव्हतं, आणि पाय आपसूक इकडे वळले होते.

"मला माहीत आहे, नुई," म्हातारा म्हणाला. "अल्सर नाही तो. नववर्षापासून माहीत आहे. तुझा भाऊ आला होता ना, दाढी करून घेतली माझ्याकडून, आणि जाताना कंबरेतून वाकून नमस्कार केला. तुझ्या भावाने! चाळीस वर्षांत त्याने मला कधी धड मान हलवून दाखवली नव्हती. मग मासळीवाला चांगले चांगले तुकडे पाठवायला लागला. सातोरू मला विचारून काम करायला लागला, बाबा, हे असं कापू का, बाबा, ते तसं कापू का. पोटचा पोरगा आणि असा सभ्य! सगळे एकदम गोड झाले. ज्याला जगायचंय त्याच्याशी कोण एवढं गोड वागतं?"

तो थांबला. बँड खालच्या सुरात काहीतरी संथ वाजवत होता, कुणीतरी मधूनच चुकत होतं आणि मास्तर काठी आपटून पुन्हा तेच वाजवायला लावत होते. म्हाताऱ्याचा अंगठा तिच्या बोटांच्या पेरांवरून फिरत होता, एकेका पेरावर थांबत. या नुईचे हात माझ्यासारखे आहेत का, तोमिएच्या मनात आलं. इतक्या वर्षांच्या नवऱ्याला हातावरून कळत नाही? की औषधाने डोळे धूसर झाले की हातही धूसर होतो? की कळायला नकोच आहे त्याला?

"न्हाणीघरात नळ सोडून रडतेस," तो म्हणाला. "मला ऐकू येतं असं नाही, पाण्याचा आवाज मोठा असतो. पण बाहेर येतेस तेव्हा केस कोरडे असतात. मी न्हावी आहे, नुई. दुसरं काही नाही कळलं तरी केस ओले की कोरडे ते कळतं." त्याने श्वास घेतला. पोटात कुठेतरी दुखत असावं, कारण तो वाक्याच्या मधेच तिरका झाला आणि मग पुन्हा सरळ बसला. "आता ऐक. सोमवारी ते मला पुन्हा कापणार म्हणतायत. मला नको आहे. भीती म्हणून नव्हे. म्हणजे भीती आहेच, पण म्हणून नव्हे. मला घरी न्या. दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी अंथरूण घाल. उन्हाळा आहे, खिडकी उघडी राहील. पलीकडे सातोरूची कातरी चालेल, ती ऐकत पडेन. तो डाव्या कानामागे नेहमी जास्त कापतो, ते त्याला ओरडून सांगायला कुणीतरी हवं. आणि तू नळ सोडू नकोस. माझ्यासमोर बसून रड, नाहीतर रडू नकोस, पण आत जाऊन दार लावू नकोस. मला एकट्याला फार कंटाळा येतो."

मग थोड्या वेळाने तो म्हणाला, "झालं. एवढंच होतं. आता बोल."

बँड नेमका तेव्हाच थांबला. पोरं हसत खिदळत वाद्यं खाली ठेवत होती, एवढाच लांबून येणारा आवाज. तळ्यात कासव बुडाल्यासारखा डुबुक आवाज झाला. तोमिएने तोंड उघडलं. तिच्या मनात आलं की काहीच न बोलता नुसती बोटं दाबावीत, हं म्हणावं आणि उठून जावं. म्हाताऱ्याला वाटेल बायकोने ऐकलं. पण बायको येईल, आपली कोरडे केस घेऊन, आणि सोमवारी त्याला कापतील. आणि तो समजेल की नुईने ऐकूनही ऐकलं नाही.

"आजोबा," ती म्हणाली. "माफ करा. मी नुई नाही."

त्याने हात लगेच सोडला नाही. तो नुसता थांबला, सगळाच. मग दुसऱ्याची वस्तू जागच्या जागी ठेवावी तसा त्याने तिचा हात उचलून फळीवर ठेवला आणि वरून एकदा हलकेच थोपटला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"छत्रीपासून."

"मग मधे बोलला का नाहीत, बाई?"

"तुम्हीच म्हणालात ना, मधे बोलू नकोस."

म्हाताऱ्याच्या पोटातून एक हसू वर आलं, ते येताना कुठेतरी दुखलंही असावं, कारण त्याने पोट धरलं. पण हसणं थांबलं नाही. "बापरे," तो म्हणाला. "नववर्षापासून जुळवत होतो हो. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर फेस करताना जुळवायचो, रात्री पडल्या पडल्या जुळवायचो. आणि म्हटलं ते भलत्याच पत्त्यावर." डोळ्यांतलं औषध गालावर ओघळलं, ते त्याने बाहीने पुसलं. "बरं, आता ऐकलंच आहेत तर सांगा. ठीक म्हटलं का मी?"

"छान म्हटलंत."

"लांबलं नाही ना?"

"नाही." आणि का कोण जाणे ती पुढे म्हणाली, "मासळीवाला गाळला असता तरी चाललं असतं."

"मासळीवाला राहू द्या," तो म्हणाला. "मासळीवाला खरा आहे." मग त्याने मान तिच्याकडे वळवली. मोठ्या झालेल्या काळ्या बुबुळांना ती दिसत नव्हती, तरी. "बाई, तुम्ही रडताय की काय?"

"नाही."

"आवाज तसा येतोय."

"माझे वडील इथेच होते," तोमिए म्हणाली, आणि हाताने हॉस्पिटलकडे दाखवलं, त्याला दिसणार नाही हे विसरून. "नोव्हेंबरपर्यंत. आम्ही त्यांना सांगितलं नाही."

"कुणीच सांगत नाही."

"त्यांना माहीत होतं का ते मला कधी कळलं नाही. आजही माहीत नाही. सात महिने झाले, रोज जेवायला बसले की तेच डोक्यात येतं. त्यांना काही कळलं नसेल तर मी त्यांना फसवलं. आणि कळलं असेल तर..."

"विचारायचे का ते?" म्हातारा म्हणाला. "मला काय झालंय, असं?"

तोमिए आठवायला लागली. तो खोलीतला बिछाना तिच्यापुढे आला, पांढरा लोखंडी, आणि खिडकीच्या चौकटीतून दिसणारी याच बागेतली कापराची झाडं. बाबा विचारायचे: पाऊस आहे का बाहेर? बेसबॉलचं काय झालं? मांजराला घातलंस? परसातल्या झाडाची फळं पिकली का, की कावळ्यांनी खाल्ली? तू जेवलीस का? यातलं तू जेवलीस का हे त्यांनी उभ्या जन्मात कधी विचारलं नव्हतं, हॉस्पिटलात विचारायला लागले होते. पोस्टात चाळीस वर्षं खिडकीमागे बसलेला माणूस, मोजकं बोलणारा, समोर येईल त्याच्याकडून नाव, गाव, वजन सगळं नीट विचारून घेणारा. आणि आपल्या पोटात काय आहे ते त्याने डॉक्टरला विचारलं नाही, नर्सला विचारलं नाही, तिला विचारलं नाही. अंगावरचं मांस झडत गेलं, तरी नाही.

"नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही."

"मग माहीत होतं त्यांना," म्हातारा म्हणाला. पाऊस पडेल असं वाटतं, म्हणावं तितक्या साधेपणाने म्हणाला. "ज्याला माहीत नसतं तो विचारतो. डिसेंबरपर्यंत मी रोज विचारत होतो. नुईचा जीव खाल्ला. आणि एक दिवस विचारायचं थांबलो. ती मात्र हरखली, म्हणाली, बघा, आता तुम्हाला बरं वाटायला लागलंय."

"मग ते बोलले का नाहीत?"

"तुम्ही इतक्या मेहनतीने लपवत होता," तो म्हणाला. "ते मोडायचं कसं?"

तोमिएला गेरोची आठवण झाली. गरम पाण्याच्या कुंडांसाठी लोक जातात ते डोंगरातलं गाव. ऑक्टोबरमध्ये तिने एक मासिक नेलं होतं, रंगीत चित्रांचं, आणि बिछान्यावर पसरून म्हणाली होती, बाबा, बरं वाटलं की मार्चमध्ये आपण गेरोला जाऊ. हे तिला स्वतःला फार हुशारीचं वाटलं होतं. चेहरा नीट बसला होता त्या दिवशी. बाबांनी चष्मा मागितला. चित्रं निरखून बघितली, एकेक हॉटेल, एकेक खोली. मार्चमध्ये गर्दी असते, ते म्हणाले, एप्रिलमध्ये जाऊ. नदीकडची खोली घ्यायची. आणि वरच्या मजल्यावरची नको, जिने तुला चढवत नाहीत हल्ली. त्यानंतर रोज त्यांचं तेच चाले. जाताना डबा इथून न्यायचा की गाडीत घ्यायचा. मांजर कुणाकडे ठेवायचं. तिला वाटायचं, किती सहज फसले, आणि घरी जाताना तळ्यापाशी चेहरा उतरला की ती आपल्यावरच थुंकावंसं वाटून चालत राहायची. आणि ते? ती गेल्यावर ते चष्मा काढून ठेवत असतील, आणि त्यांचाही चेहरा उतरत असेल. उद्या पोरगी येईल, तिला एप्रिलमधलं काय सांगायचं, ते रात्री पडल्या पडल्या जुळवत असतील. दोघं मिळून त्या न जायच्या गावाला नदीकडची खोली बघत होते, एकमेकांना सांभाळत. तिला हे कळलं तेव्हा आधी राग आला, चांगला सणसणीत राग, म्हाताऱ्यावर, बाबांवर, सेइगोवर. मग तो जिथून आला होता तिथेच विरून गेला. बाबांनी तिचा हात धरला नव्हता हे खरं नव्हतं, एवढंच उरलं. कसा धरला होता ते तिला आत्ता कळत होतं.

हॉस्पिटलच्या बाजूने एक बाई अर्धवट पळत येत होती. राखी किमोनो, बुटकी, गोल, एका हाताने कंबरपट्टा सावरत. "नाही हो मिळाली!" ती लांबूनच ओरडली. "कुणीतरी उचललीन वाटतं. आजकाल माणसं जुनी छत्री पण सोडत नाहीत." मग तिला बाकावर तोमिए दिसली आणि ती थबकली, वाकली, "ह्यांनी काही त्रास तर नाही ना दिला?" म्हणाली.

तोमिए उठून उभी राहिली. म्हातारा समोर बघत होता. त्याचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. त्याचा हात फळीवर होता आणि त्यावर हात ठेवायला नुई पुरेशी जवळ उभी होती. पण तो म्हणाला एवढंच, "नुई, मला तुला काही सांगायचं होतं."

"काय? पोटात दुखतंय?"

"नाही. ते मी सांगितलं. पण ते ह्या बाईंना सांगितलं गेलं. दुसऱ्यांदा मला जमायचं नाही. तू जा, तिकडे तळ्याकडेला, आणि ह्यांच्याकडून ऐकून घे."

नुईने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग तोमिएकडे. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते तोमिएने आरशात रोज बघितलेलं होतं. बसवलेला चेहरा एका कडेने सुटायला लागला की होतं ते. "बायकोला सांगायचं ते रस्त्यावरच्या माणसाला सांगता," नुई म्हणाली, आवाज चढवून, पण आवाजात दम नव्हता. "शोभतं का या वयात?"

"नाही शोभत," म्हातारा म्हणाला. "जा."

त्या दोघी तळ्याच्या काठाला गेल्या, लाकडी कुंपणापाशी. आयरिसमध्ये एक माणूस गुडघाभर चिखलात उभा राहून वाळलेली फुलं खुडत होता. त्याने खालीच मान घातली.

"ते म्हणाले की त्यांना माहीत आहे," तोमिएने सुरुवात केली. "त्यांचं म्हणणं असं की नववर्षापासून त्यांना..."

"थांबा, ताई," नुई म्हणाली. तिने कुंपण दोन्ही हातांनी धरलं होतं. "ते म्हणाले, त्यांचं म्हणणं, असं नको. ते कसे बोलले तसं सांगा."

तोमिएने डोळे मिटले. मोठ्याने बोलायची, दुसऱ्याच्या आवाजात बोलायची तिला सवय नव्हती. शाळेत नाटकातही ती मागे झाड होऊन उभी राहायची. "मला माहीत आहे, नुई," ती म्हणाली. "अल्सर नाही तो." आणि मग ते आपोआप येत गेलं, भावाचा नमस्कार, मासळीवाला, सातोरूची सभ्यता. चष्म्यापाशी नुईच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. नळापाशी तोमिए अडखळली. "बाहेर येतेस तेव्हा केस कोरडे असतात," ती म्हणाली, आणि नुईचा हात आपसूक आपल्या केसांकडे गेला, तिथेच राहिला.

"मेला न्हावी," नुई म्हणाली. "मेला न्हावी तो, शेवटी." ती हसत होती, हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. "नववर्षापासून! आणि मी इकडे डॉक्टरच्या गोळ्यांच्या वेष्टनावरची नावं खरवडत बसले, नखं गेली माझी. पुढे सांगा."

पुढे सोमवार होता. तोमिएने काही गाळलं नाही. खिडकी, अंथरूण, डाव्या कानामागची कातरी. मला एकट्याला फार कंटाळा येतो, हे शेवटचं वाक्यही तिने म्हटलं.

नुईने हात केसांवरून खाली घेतला. "आत्ता डॉक्टर म्हणाले," ती म्हणाली, "सोमवारी केलं तर कदाचित पुढचा उन्हाळा दिसेल. नाही केलं तर हाच. मी हो म्हणून आले, ताई. आत्ताच संमतीच्या कागदावर शिक्का मारून आले. आता मी काय करू? तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"मी माझ्या वडिलांना काय हवंय ते विचारलंच नाही," तोमिए म्हणाली. "मला नाही सांगता येणार."

नुईने मान हलवली. तिने बाहीतून रुमाल काढला, नाक शिंकरलं, रुमालाची नीट घडी घातली. मग अचानक तोमिएचे दोन्ही हात धरले, दाबले, आणि काहीही न बोलता वळून बाकाकडे चालायला लागली. कंबरपट्टा आता तिने सावरलेला नव्हता.

तोमिए कुंपणापाशीच उभी राहिली. ऐकू येण्यासारखं अंतर नव्हतं. तिला दिसलं की नुई नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि त्याच्या पायाशी असलेली छत्रीची पिशवी उचलून तिने त्याच्या खांद्यावर एक फटका मारला. मग आणखी एक. म्हाताऱ्याने मान खाली घातली आणि ते सगळे घेतले; चौथ्या की पाचव्याला पिशवी नुसतीच खांद्यावर टेकली आणि तिथेच राहिली. मग नुई एकदम बाकावर बसली आणि रडायला लागली. तोंड झाकलं नाही, आवाज दाबला नाही. कारंज्याकडून येणाऱ्या दोन बायका थांबून बघायला लागल्या. म्हातारा काहीतरी बोलत होता. बोलत होता, थांबत होता, पुन्हा बोलत होता. दुसऱ्यांदा जमायचं नाही म्हणणारा माणूस. उन्हाने त्याचे डोळे मिटत होते. रडता रडताच नुईने आपला तळवा त्याच्या कपाळाशी आडवा धरला, सावली होईल असा, आणि तो तसाच धरून ती मान हलवत राहिली. हो म्हणून की नाही म्हणून, ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

तोमिए निघाली. त्या दोघांच्या अंगावरून जायला नको म्हणून तळ्याला वळसा घालून, कापराच्या झाडांखालून. मागे बँडने पुन्हा तेच संथ गाणं धरलं होतं, आणि या खेपेला कुणी चुकत नव्हतं, किंवा चुकत असलं तरी मास्तर थांबवत नव्हते. एका झाडापाशी तिचे पाय जड झाले. इथून हॉस्पिटलच्या खिडक्या दिसत, ओळीने, आणि त्यांतली बाबांची कुठली ते बघितल्याबरोबर तिला कळलं. ती मुळांवरच बसली, कपड्यांची पर्वा न करता.

"बाबा," ती म्हणाली.

आवाज बारीक आला. तिने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. मग तिने तो शब्द उच्चारला. सेइगोने जिन्यात उच्चारू दिला नव्हता तो, डॉक्टरांनी त्यांच्या रिवाजाप्रमाणे नुसता जर्मनमध्ये लिहिलेला, शेजारणींनी विचारला तेव्हा तिने पोटाचं काहीतरी म्हणून टाळलेला, मयताच्या दिवशीही कुणाच्या तोंडून न निघालेला. "बाबा, तुम्हाला कॅन्सर झाला होता."

बाबागाडी ढकलत जाणाऱ्या एका तरुण बाईने वळून बघितलं आणि ती पुढे गेली. पान हललं नाही. शब्द उन्हात पडून राहिला, इतर शब्दांसारखाच एक. तोमिएने गुडघ्यांभोवती हात घेतले आणि ती पुढचं सांगायला लागली: कुठल्या दिवशी पहिली तपासणी झाली, डॉक्टर काय म्हणाले, ती कुठे उभी होती, तिला किती भीती वाटली होती.